घोरता घोरता श्वास अडकतोय? पक्षाघात व्हायच्या आधी घरच्यांनी काय करावं

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात कुणी मोठ्यानं घोरायला लागलं की लोक म्हणतात, "दमून गाढ झोपलाय, झोपू दे." घोरणं मध्येच बंद पडून श्वास अडकत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. १० सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ श्वास येत नाही, मग माणूस हिसका देऊन हवा ओढतो. हा स्लीप अ‍ॅप्निया. दर खेपेला रक्तातला ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब उसळतो. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्या खराब होतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात होण्याचा धोका वाढतो.

पहिलं काम शेजारी झोपणाऱ्याचं, कारण झोपलेल्याला यातलं काही कळत नाही. दोन-तीन रात्री मोबाईलवर व्हिडिओ घ्या. पहाटेचाही घ्या, त्या वेळी त्रास बहुधा जास्त असतो. श्वास किती सेकंद थांबला ते घड्याळावर मोजा. माणूस उताणा होता की कुशीवर, तेही लिहून ठेवा.

मग दिवसाकडे बघा. सकाळी डोकं दुखतं का, एस.टी.त बसल्या बसल्या डोळा लागतो का, रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या चालू असूनही तो खाली येत नाही का? वय ५० च्या पुढे, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आणि अंगात चरबी असेल तर थांबू नका. सडपातळ माणसालाही हा आजार होतो.

फिजिशियन किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखवा. समोरच्या सिस्टरला मराठी येत नसेल तर "गोरके" म्हणजे घोरणं आणि "उसिरु निल्लुत्तदे" म्हणजे श्वास थांबतो, एवढं कन्नड पुरतं. डॉक्टर झोपेची तपासणी सांगतील. तासाला ५ वेळा श्वास अडकला तर सौम्य, ३० च्या वर गेला तर गंभीर.

गंभीर आजारात सीपॅप मशीन देतात. मास्कमधून हवेचा दाब येतो आणि घसा उघडा राहतो. मशीननं पक्षाघात हमखास टळतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. २०१६ सालच्या मोठ्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यातल्या लोकांनी मशीन रात्री सरासरी साडेतीन तासांहूनही कमी लावलं होतं. दिवसा येणारी पेंग मात्र कमी झाली. म्हणून मास्क रात्रभर लावा आणि रक्तदाबाच्या गोळ्या सोडू नका. वजन उतरवा, कुशीवर झोपा, रात्रीची दारू बंद करा, मनानं झोपेची गोळी घेऊ नका. तंबाखू आणि विडी सोडणं निपाणी पट्ट्यात किती अवघड आहे ते मी जाणतो, तरीही सोडाच.

आणि एखाद्या सकाळी तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर "वारं गेलंय" म्हणून झाडपाल्याच्या औषधाला धावू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेतून उठतानाच असं झालं असेल, तर आदल्या रात्री तो माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ते डॉक्टरांना नक्की सांगा.