विंडसर्फिंगची रिग हलकी कशी करावी?

उन्हाळ्यात पुण्यात दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो. धरणाच्या पाण्यावर बोर्ड घेऊन उतरलेल्या नवख्याचे हात तासाभरात भरून येतात आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: रिग (शीड आणि ते धरणारा सांगाडा) फार जड आहे, कार्बन फायबरची घ्यायला हवी. घेऊ, पण त्याआधी थोडं मोजून बघू.

हुक असलेला डिजिटल काटा, भंगारवाल्याच्या हातात असतो तसा, बोहरी आळीत मिळतो. मास्ट (डोलकाठी), बूम (हाताने धरायची आडवी दांडी), शीड आणि एक्स्टेन्शन (मास्टच्या बुंध्याला जोडायचा तुकडा) सुटं सुटं तोला आणि आकडे लिहून ठेवा. ढोबळ अंदाज सांगायचा तर 430 सेंटिमीटरचा, कमी कार्बनचा मास्ट अडीच किलोच्या आसपास भरतो. अ‍ॅल्युमिनियमचा बूम तेवढाच किंवा थोडा जास्त, आणि सहा चौरस मीटरचं शीड चार किलोच्या आतबाहेर.

आता खरी गंमत. रिग पूर्ण जोडून सतरंजीवर आडवी ठेवा. मास्टचा बुंधा जमिनीला टेकलेलाच राहू द्या. बूम जिथे मास्टला पकडतो तिथे काटा अडकवा आणि टोक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला. आकडा रिगच्या एकूण वजनापेक्षा जास्त येईल. काटा बिघडलेला नाही. बुंध्यापासून बूम साधारण 140 सेंटिमीटरवर असतो आणि रिगचं बरंचसं वजन त्याच्याही पलीकडे पसरलेलं असतं. म्हणूनच मास्टच्या टोकावरचे 200 ग्रॅम हाताला 600 ग्रॅमसारखे लागतात आणि बुंध्याशी असलेले 200 ग्रॅम जवळजवळ लागतच नाहीत. पैसे कुठे घालायचे हे या एका मोजमापावरून ठरवा.

त्याआधी फुकटातले उपाय. सगळ्यात मोठा चोर म्हणजे पाणी. शीड पाण्यात पडलं की मास्ट ज्या खोळीत असतो ती भरते, आणि लिटरमागे एक किलो वाढतो. रिग उचलताना हिसका देऊ नका. अपहॉलची, म्हणजे रिग पाण्यातून ओढून उभी करायची दोरी धरून पाठ ताठ ठेवा, अंग मागे टाका, शिडाची कड पाण्याबाहेर आली की दोन श्वास थांबा. खोळीतलं पाणी निथळून जाईल, मग पुढचं ओढा. रुंद खोळीच्या, कॅम्बरवाल्या (मास्टला टेकून शिडाला गोलाई देणारे तुकडे असलेल्या) रेसिंगच्या शिडांमध्ये हे पाणी फारच साचतं. शिकणाऱ्याने स्वस्तात मिळतंय म्हणून तसलं जुनं शीड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मास्टच्या आतही पाणी शिरतं. सुकलेला मास्ट कानाशी धरून तिरका करा. खुळखुळ ऐकू आली तर टोकाचं बूच तपासा, पाणी काढून टाका आणि बूच नीट बसवा. दोन तुकड्यांचा सांधा कोरड्या फडक्याने पुसून जोडा आणि वरून इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ होतं आणि गाळ खोळीत वाळून बसतो. घरी आल्यावर दोन बादल्या पाणी ओतून खोळ धुवावी आणि शीड सावलीत वाळवावं.

शिडाचं माप कमी केलं की वजनही कमी होतं, पण पुण्यात याला मर्यादा आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून वर आहोत आणि इथली हवा मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यात शिडाला ओढ कमी मिळते. नुसतं शिकत असाल तर तरीही चार-पाच चौरस मीटरचं शीड भरपूर झालं. पण वेग हवा असेल तर किनाऱ्यावरच्या मित्राचं माप जसंच्या तसं उचलू नका, किंचित मोठं घ्या.

डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टच्या बुंध्याकडे खाली ताणणारी दोरी, हा दुसरा दुर्लक्षित विषय. तो कमी ताणला की वाऱ्याच्या झोतात शिडाची ओढ मागच्या हातावर येते, आणि काट्यावर एक ग्रॅमही न वाढता रिग जड वाटते. वरच्या भागाची मागची कड हाताने ढकलल्यावर सैल हलेल इतकं ओढा. त्यासाठी न ताणली जाणारी, चार-पाच मिलिमीटरची दोरी लागते. साधी नायलॉनची दोरी पाण्यात ताणते आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. हार्नेसच्या (कंबरेच्या पट्ट्याला अडकवायच्या) दोऱ्याही बूमवर नीट जागी लावा, म्हणजे ओढ हातांऐवजी कंबरेवर जाते.

एवढं करूनही हात दुखत असतील तर पाकीट काढा. पहिला खर्च मास्टवर. कार्बनचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 75 टक्क्यांवर नेलं की पाव ते अर्धा किलो सुटतो आणि त्यातला बराचसा वरच्या बाजूचा असतो. 100 टक्के कार्बन आणखी हलका, पण भिंत पातळ, दगडावर आपटला की संपला. गाडीच्या टपावर बांधून खडबडीत रस्त्याने नेणाऱ्याला मधला पर्याय बरा. विकत घेण्यापूर्वी शिडावर छापलेली मास्टची लांबी आणि कडकपणाचा आकडा बघा. 430 साठी तो बहुधा 21 असतो. न जुळणाऱ्या मास्टवर महागडं शीडही नीट बसत नाही.

त्यानंतर बूम. कार्बनचा बूम हलका असतोच, शिवाय तो लवचत नाही. अ‍ॅल्युमिनियमचाच घेणार असाल तर ज्याची कमीत कमी लांबी शिडाला लागणाऱ्या लांबीच्या जवळ आहे असा घ्या. शेपूट, म्हणजे मागचा सरकता भाग, पूर्ण बाहेर काढलेला बूम वाकतो. एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट (रिग बोर्डाला जोडणारा सांधा) आणि तळाच्या कप्प्या बुंध्याशीच असल्यामुळे त्या हलक्या करण्यात काहीच हशील नाही. तिथे मजबुतीच बघा. मास्टला भोकं पाडणं, बॅटन (शिडातल्या ताठ पट्ट्या) काढून टाकणं असले उद्योग करू नका, आणि लाइफ जॅकेट वजनाच्या हिशोबात धरूच नका.

कार्बनचा मास्ट घेतलात तर एक सवय लावून घ्या. कार्बनमधून वीज वाहते. काठावर रिग उभी करण्यापूर्वी वर विजेच्या तारा आहेत का बघा, आणि मे महिन्यात वळिवाचा गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर या.