जर्मनीत घरी नेट घेताय? आधी बेलवर नाव लावा

पुण्यात केबलवाल्याला फोन केला की संध्याकाळी पोरगा शिडी घेऊन येतो, खिडकीतून वायर आत घेतो, रिचार्ज मारतो आणि निघतो. जर्मनीत याच कामाला दोन ते चार आठवडे धरा, जास्तही लागू शकतात. त्यातला तंत्राचा भाग जेमतेम अर्ध्या तासाचा. बाकी सगळा वेळ कागद, पत्ता आणि तळघराची किल्ली खातात. म्हणून घराचा करार झाला की त्याच दिवशी, पलंग-गादीच्याही आधी, लाइनची नोंदणी करा. राहायला पुढच्या महिन्यात जाणार असलात तरी चालतं, कनेक्शन कोणत्या तारखेपासून हवं ते फॉर्मवरच विचारतात.

मधल्या दिवसांसाठी सुपरमार्केटमधलं प्रीपेड सिम घ्या आणि फोनचा हॉटस्पॉट वापरा. २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते. व्हिडिओवरून ओळख पटवताना भारतीय पासपोर्टवर गाडी अडली तर कॅमेऱ्याशी झटापट करत बसू नका. पोस्टात जाऊन ओळख पटवायचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. फॉर्म छापून न्यायचा, पासपोर्ट दाखवायचा, काम झालं.

आता बेल. इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. 'बी विंग, ३०२' हा प्रकारच नाही. रस्ता, घर क्रमांक आणि बेलजवळच्या पाटीवरचं आडनाव, एवढाच पत्ता. राउटरचं पार्सल, लॉगिनचं पत्र, टेक्निशियनच्या तारखेचं पत्र, सगळं आडनाव बघून येतं. टपालपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. शेजाऱ्याला विचारत बसायची इथे पद्धत नाही. टेक्निशियनचंही तेच. सकाळी ८ ते १२ किंवा दुपारी १२ ते ४ असा वेळ देतात, तेवढा वेळ तुम्ही घरात हजर असता, तो खाली येतो, तुमचं नाव दिसत नाही, 'ग्राहक भेटला नाही' अशी नोंद करतो आणि पुढच्या कामाला जातो. पुढची तारीख आणखी दोन-तीन आठवड्यांनी, आणि चूक कागदोपत्री तुमची.

घरमालक किंवा हाऊसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, छापील पाटी लावेल तेव्हा लावेल. तोवर कागदावर ठळक अक्षरांत आडनाव लिहा आणि पारदर्शक चिकटपट्टीने बेलवर आणि टपालपेटीवर, दोन्हीकडे चिकटवा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं आणि फॉर्म भरताना ते कधी पहिल्या रकान्यात जातं, कधी आडनावात मिसळतं. नेटच्या करारात जे आडनाव, तेच बेलवर, तेच पेटीवर. लग्नानंतर बायकोचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही लिहा. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर मूळ भाडेकरूचं नाव आणि त्याखाली तुमचं.

टेक्निशियनला घरात येण्याआधी तळघरात जायचं असतं. रस्त्यावरून आलेली टेलिफोनची तार तिथल्या एका करड्या डब्यात संपते आणि तिथूनच तुमच्या घराकडे जाणारी तारांची जोडी जोडायची असते. ती खोली कुलूपबंद असते आणि किल्ली हाऊसमाइस्टरकडे असते. तारीख कळली की त्याच दिवशी त्याला ईमेल टाका आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. तळघर उघडलं नाही म्हणून परत गेलेले टेक्निशियन, बेल सापडली नाही म्हणून गेलेल्यांपेक्षा फार कमी नसावेत.

नोंदणी करताना घर कुठल्या मजल्यावर, डावीकडे की उजवीकडे, हेही विचारतात. मजले आपल्यासारखेच मोजतात: तळमजला वेगळा, त्यावरचा पहिला. डावं-उजवं जिना चढून वर आल्यावर ज्या हाताला येईल ते. आधीच्या भाडेकरूचं नाव माहीत असेल तर तेही द्या. त्यावरून कंपनीला तुमच्या घरात येणारी नेमकी तार सापडते.

तारेचे तीन प्रकार: टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं डीएसएल, टीव्हीच्या केबलवरचं, आणि फायबर. पत्ता टाकला की कुठलं मिळतं ते कंपनीच्या साइटवर दिसतं. इमारतीत फायबर आलेलं असेल तर डोळे झाकून तेच घ्या. नसेल तर डीएसएल की केबल यावर आपल्या लोकांत तासन्‌तास वाद चालतात. थोडक्यात सांगायचं तर केबलचा आकडा मोठा, डाउनलोडला १००० मेगाबिट, पण अपलोडला जेमतेम ५०, आणि संध्याकाळी सगळी इमारत सिनेमे बघायला लागली की वेग पडतो, कारण ती तार वाटून घेतलेली असते. डीएसएलचा आकडा लहान, १०० किंवा २५०, पण बराच स्थिर. फक्त रस्त्यावरचा करडा पेटारा घरापासून लांब असेल तर २५० चं नावच घेऊ नका. 'आमच्याकडे हजारचा आहे' हे ऐकून दबून जाऊ नका. घरी आईबाबांशी व्हिडिओवर बोलायला ४ मेगाबिट पुष्कळ होतात. दोघांचं घरून काम आणि एक टीव्ही, एवढ्याला ५० पुरतात, १०० म्हणजे ऐष.

भिंतीवरचा डीएसएलचा सॉकेट नीट बघा. त्याला टीएई म्हणतात. त्यात बहुधा तीन खाचा असतात, बाजूच्या दोन एकसारख्या आणि मधली किंचित वेगळ्या आकाराची, तिच्यावर एफ अक्षर. राउटरची तार मधल्या खाचेत. बाजूच्या खाचेत तिचा प्लग बसतच नाही. बसत नाही म्हणून जोर लावून मोडलेले प्लग बरेच आहेत. घरात असे दोन-तीन सॉकेट असतील तर पहिल्यालाच जोडा, म्हणजे तळघरातून तार ज्यात थेट येते त्याला. पुढचे सॉकेट समांतर जोडलेले असले तर त्या लोंबत्या तारेवरून सिग्नल परत फिरतो आणि वेग पडतो किंवा दर तासाला लाइन तुटते. टेक्निशियन घरात असतानाच ही जास्तीची तार सोडवून द्यायला सांगा. एखाद्या जुन्या मित्राने 'हे पण लागतं' म्हणून स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी जुनी डबी) दिला तर घ्या, आभार माना आणि खणात ठेवा. आताच्या लाइनला तो लागत नाही.

भारतातून राउटर आणू नका. कंपनीने दिलेला फायबरचा डबा त्याच कंपनीच्या जाळ्याशी बांधलेला असतो, आणि जुना डीएसएल मोडेम आपल्याकडच्या प्रकारचा असतो. जर्मनीत आयएसडीएनच्या, म्हणजे जुन्या डिजिटल टेलिफोनच्या, काळापासून वेगळा प्रकार रुळला, त्यामुळे तो इथल्या लाइनशी जुळत नाही. इथे ऑगस्ट २०१६ पासून स्वतःचा राउटर लावायचा हक्क कायद्याने मिळालेला आहे. कंपनीचा भाड्याचा डबा महिना ५-७ युरोला पडतो, दोन वर्षांत दीडशेच्या आसपास. तेवढ्यात चांगला वापरलेला फ्रिट्झबॉक्स, म्हणजे इथला लोकप्रिय राउटर, येतो. मात्र तारेप्रमाणे मॉडेल वेगळं: डीएसएलचा केबलला चालत नाही, केबलचा डीएसएलला नाही. आणि सेकंडहँड केबलचा घेताना तो विकणाऱ्याचा स्वतःचा आहे ना, हे विचारा. कंपनीचा भाड्याचा डबा परत न करता विकायला काढणारे महाभाग असतात, आणि तो तुमच्या नावावर चालू होत नाही.

आता पैशाची गोष्ट, आणि हा परिच्छेद दोनदा वाचा. दुकानात बसून करार करू नका. इंटरनेटवरून, फोनवरून किंवा दारात आलेल्या विक्रेत्याकडून केलेला करार १४ दिवसांत, कारण न देता, रद्द करता येतो. दुकानात जाऊन सही केली की हा हक्क कायद्याने मिळत नाही. दुकानातली मुलगी इंग्रजीत बोलते, हसून बोलते, सोबत टॅब्लेट देते, आणि नवा माणूस 'निदान समजतंय तरी' म्हणून सही करतो. दोन दिवसांनी कळतं की त्या पत्त्यावर एवढा वेग येतच नाही, किंवा टॅब्लेटसोबत वेगळं डेटा सिम आहे आणि त्याचा २४ महिन्यांचा वेगळा करार आहे. समजा नेटचे ४० आणि त्या सिमचे १५ मिळून महिना ५५ युरो, गुणिले २४, म्हणजे १३२० युरो. ऑफर दुकानात बघा, माहितीपत्रक घ्या आणि घरी येऊन तीच ऑनलाइन भरा.

दुसरं, पहिल्या तीन-चार महिन्यांच्या तात्पुरत्या घरात २४ महिन्यांचा करार करू नका. डिसेंबर २०२१ च्या दूरसंचार कायद्यानुसार करार जास्तीत जास्त २४ महिन्यांचा, पण कंपनीला १२ महिन्यांचाही पर्याय ठेवावा लागतो. ठरलेली मुदत संपल्यावर करार आपोआप वाढला तरी एका महिन्याच्या सूचनेवर कधीही सोडता येतो. महिन्याला सुटणारे करारही मिळतात. दोन-चार युरो जास्त पडतात आणि सुरुवातीचं शुल्क भरावं लागतं, पण तात्पुरत्या घरासाठी तेच स्वस्त.

जाहिरातीतला 'पहिले सहा महिने १० युरो' हा आकडा विसरा. सगळ्या महिन्यांची बेरीज, त्यात राउटरचं भाडं आणि सुरुवातीचं शुल्क मिळवा, मुदतीने भागा, मग तुलना करा. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी अमुक कंपनीची लिंक प्रेमाने पाठवत असेल तर त्या लिंकवर त्याला बोनस आहे का, हे विचारायला लाजू नका. असला तरी पाप नाही, पण मग ती शिफारस सल्ला म्हणून न घेता जाहिरात म्हणून वाचा.

कंपनी बदलताना जुना करार स्वतः तोडू नका. नव्या कंपनीच्या फॉर्मवर जुनीचं नाव आणि ग्राहक क्रमांक द्या, ती स्वतः रद्द करून घेते. असं केलं तर मध्ये नेट एका कामाच्या दिवसापेक्षा जास्त बंद राहू नये, असा नियम आहे. स्वतः तोडलंत तर हे संरक्षण गेलं.

वेग कमी येत असेल तर वायफायवर मोजून तक्रार करू नका, कुणी ऐकणार नाही. आधी राउटरला लॅपटॉप केबलने जोडून बघा. तिथे पूर्ण वेग असेल तर दोष भिंतीचा आहे. जुन्या इमारतींच्या जाड विटा आणि नव्यांचं सळईचं काँक्रीट, दोन्हींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जेमतेम जातं. राउटर कपाटातून बाहेर, घराच्या मध्याकडे आणा. तरी भागलं नाही तर वायफाय पुढे पोचवणारा मेश रिपीटर. लॅपटॉप केबलने जोडूनही वेग कमीच आला तर दूरसंचार नियामक मंडळाचं, बुंडेसनेट्झअगेन्टुरचं, फुकट ॲप संगणकावर घ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा, अशी तीस मोजमापं करायची. त्याचा अहवाल जोडून कंपनीला लिहिलं की बिल कमी करून मागता येतं किंवा करार सोडता येतो. टेक्निशियन ठरल्या वेळी आलाच नाही तर त्या चुकलेल्या भेटीचे १० युरो किंवा महिन्याच्या बिलाचे २० टक्के, यातली मोठी रक्कम तुमची. आपण होऊन कुणी देत नाही, लेखी मागावी लागते.

टोरेंट बंद. लॅपटॉपवर असेल तर विमानात बसण्याआधी काढून टाका. टोरेंटवर सिनेमा उतरवताना त्याचे तुकडे तुमच्या यंत्रावरून इतरांनाही जात असतात, आणि इथे खटला त्या 'वाटपा'चा होतो. हक्कदारांचे वकील आयपी पत्ते टिपतात, कोर्टाकडून नाव-पत्ता मिळवतात आणि घरी जाड पाकीट येतं: एका सिनेमाला साधारण हजार युरो, शिवाय पुन्हा असं करणार नाही अशी सही, तीही आठ-दहा दिवसांत. पत्र कचऱ्यात टाकू नका, आणि सोबतच्या कागदावर जशीच्या तशी सहीही करू नका. ती आयुष्यभर बांधते. फेरब्राउखरत्सेंट्राले, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र, किंवा वकील गाठा. 'फुकट सिनेमे' दाखवणारी काही ॲपं आतून टोरेंटच असतात. एका वायफायवर चार विद्यार्थी राहत असतील तर पत्र लाइन ज्याच्या नावावर त्याला येतं, म्हणून नव्या पार्टनरला वायफायच्या पासवर्डसोबत हेही सांगा.

रुंडफुंकबायत्रागचं, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, पत्र वेगळं आहे. ते खरं असतं, नेटशी त्याचा संबंध नाही, टीव्ही नसला तरी घरटी महिना १८.३६ युरो भरावे लागतात. एका घरात एकानेच भरायचे.

देश सोडून परत जाताना करार मध्येच तोडता येतो. नव्या ठिकाणी कंपनी सेवा देऊ शकत नसेल तर एका महिन्याच्या सूचनेवर सोडायचा हक्क आहे, आणि नाशिकला इथली कुठलीच कंपनी लाइन देत नाही. सूचना निघायच्या महिनाभर आधी द्या. आबमेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद रद्द केल्याचा, कागद निघण्याच्या फार तर एक आठवडा आधी मिळतो, तो मागाहून पाठवा. भाड्याचा राउटर त्याच्या वीजतारेसकट, कंपनीच्या परतीच्या लेबलवर पाठवा आणि पोस्टाच्या पावतीचा फोटो काढून ठेवा. डबा पोचला नाही म्हणून बिल येतं ते तुम्ही भारतात पोचल्यावर, म्हणून जर्मन बँकेतलं खातं शेवटचं बिल कटेपर्यंत बंद करू नका.