जुलमी राजवटीतल्या माणसाची रोजनिशी कशी लिहावी

कल्पित जुलमी राजवटीत जगणाऱ्या माणसाची रोजनिशी लिहायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच पानावर त्या राजवटीचा इतिहास सांगू लागतात आणि तिथेच लेखन फसते. कारण त्या जगात रोज उठणारा माणूस तिथले नियम स्वतःलाच समजावून सांगत नाही.

म्हणून एकच नियम निवडावा आणि तो ओळखीच्या गावात रुजवावा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे घरोघरी ठाऊक आहे. आता पातळी फक्त सरकारनेच जाहीर करायची आणि पुलावरून पाण्याकडे पाहणे हा गुन्हा, असे राज्य कल्पावे. रोजनिशीकार ‘सरकार खोटे बोलते’ असे लिहिणार नाही. तो लिहील: ‘आज ३८ फूट जाहीर झाले. काकूंनी तरीही गव्हाची पोती माळ्यावर चढवून घेतली. मी काही विचारले नाही.’ भीती या न विचारण्यात आहे. तिचे वेगळे वर्णन करू नये.

वही कुठे लपवली आहे, हे लिहिण्याआधी ठरवावे, कारण त्यावर नोंदीचा आकारच अवलंबून असतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे, म्हणजे खोल खड्डे, असत. तसल्या जुन्या पेवात वही ठेवली, तर ते उघडून कोंदट हवा जाईपर्यंत थांबावे लागणार, म्हणजे रोज लिहिणे अशक्य. मग तारखांत खंड पडावा, वाक्ये तुटक व्हावीत, आणि चार दिवसांपूर्वीची घटना आठवून लिहिताना तिच्यातला एखादा तपशील निसटावा.

माणसांची नावे टाळावीत. ‘वाड्यातले भाऊ’ एवढे पुरे. सरकारी शब्द मात्र रोजनिशीकाराच्या तोंडी नकळत बसलेले दाखवावेत: शेजाऱ्याला उचलून नेले, तरी तो ‘स्थलांतर’ असेच लिहितो. (हे साधले तर अर्धी नोंद जमली, असे माझे मत आहे.) कोरी जागाही बोलते. १९७५ च्या आणीबाणीत काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी ठेवून सेन्सॉरशिपचा निषेध केला होता. रोजनिशीतही एखाद्या तारखेखाली काहीच लिहू नये.

दारावर थाप पडली आणि लेखन थांबले, हा शेवट आता फार झिजला आहे. त्याऐवजी उद्याच्या रेशनच्या रांगेसारख्या साध्या कामाशी थांबावे. मग नोंद पुन्हा वाचून, केवळ वाचकाला समजावे म्हणून आलेले प्रत्येक वाक्य खोडावे.