इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय? कोर्सची फी भरायच्या आधी हे वाचा

बी.कॉम, बीएएफ, बीबीए करणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितेय. बॅलन्स शीट कशी वाचायची, आयपीओ म्हणजे काय, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर कळेल थोड्या दिवसांत, त्याचं टेन्शन नको. मला एकाच गोष्टीबद्दल नीट बोलायचंय, कारण त्या गोष्टीने माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं खाल्ली आणि अजूनही नवनवीन पोरं तिथेच अडकताना दिसतात.

पुण्या-मुंबईत "इन्व्हेस्टमेंट बँकिंग" नावाचे काही महिन्यांचे कोर्स चालतात. जाहिरातीत सूट घातलेली माणसं, परदेशी बँकांचे लोगो, प्लेसमेंटची हमी. आणि नोकरी लागते बरं का, त्यात खोटं काही नाही, ऑफर लेटरवर बड्या बँकेचं नाव असू शकतं, घरी पेढे वाटले जातात. फक्त हातात येतं ते काम ऑपरेशन्सचं असतं.

ऑपरेशन्स म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण कोर्सवाले हेच पटकन गुंडाळतात. कुणीतरी शेअर किंवा बाँड घेतला, सौदा झाला. त्यानंतरचं सगळं यात येतं. दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळतात का, पैसे आणि सिक्युरिटी ठरल्या दिवशी पोचल्या का, डिव्हिडंड-बोनस-स्प्लिट बरोबर लागला का, क्लायंटची केवायसी पूर्ण आहे का. आमच्या सिस्टिममध्ये १०,००० शेअर आणि समोरच्याकडे १,००० दिसले की झाला ब्रेक. मग कस्टोडियनला (क्लायंटचे शेअर सांभाळणारी संस्था) मेल टाका, उत्तराची वाट बघा, कमेंट लिहा, एजिंग रिपोर्टमध्ये तो ब्रेक आज किती दिवसांचा झाला ते भरा, दुसऱ्या दिवशी परत तेच. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस वनला, म्हणजे सौद्याच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी, सेटल होतात, अमेरिकेतही मे २०२४ पासून तसंच, म्हणजे चूक शोधून निस्तरायला वेळ आणखी कमी आणि शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर.

हे काम हलकं नाही. ते थांबलं तर बाजार थांबेल. माझ्यासोबतच्या कितीतरी जणांनी त्यातच चांगलं करिअर केलं, घरं घेतली, आणि ते खूश आहेत. तुम्हाला हेच हवं असेल तर बिनधास्त जा. पण तुमच्या डोक्यात कंपन्यांची खरेदी-विक्री, व्हॅल्युएशन, भांडवल उभारणी असेल, तर ती वेगळी खोली आहे आणि ऑपरेशन्समधून तिकडे उघडणारं दार मला तरी सापडलं नाही. "एकदा आत शिरा, मग आयजेपीने फ्रंट ऑफिसला जाता येतं" असं प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. आयजेपी म्हणजे आतल्याच लोकांसाठी निघणाऱ्या जागा, फ्रंट ऑफिस म्हणजे क्लायंटसोबत डील करणाऱ्या टीम्स. आयजेपीची यादी मी दर वेळी उघडून बघायचे. त्यात दुसऱ्या प्रोसेस असायच्या, दुसरी शिफ्ट असायची, डील टीम कधीच नसायची. शिवाय बाहेर अप्लाय करताना तो अनुभव धरत नाहीत. मुलाखतीत "तुम्ही मॉडेल केलंय का" (म्हणजे एक्सेलमध्ये कंपनीच्या पुढच्या आकड्यांचा अंदाज) असं विचारतात आणि तुम्ही रिकन्सिलिएशन, म्हणजे नोंदी जुळवण्याचं काम, केलेलं असतं.

म्हणून कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, कामाचं वर्णन) वाचा, ओळ न् ओळ. सेटलमेंट, रिकन्सिलिएशन, कॉर्पोरेट ॲक्शन्स, ट्रेड लाइफ सायकल, केवायसी, एसएलए (काम किती वेळात द्यायचं त्याचा करार), रोटेशनल शिफ्ट असे शब्द दिसले की ते ऑपरेशन्स, वर पदनाम काहीही असो, ॲनालिस्ट लिहिलं असलं तरी. पिच बुक (क्लायंटला डील सुचवणारं प्रेझेंटेशन), फायनान्शियल मॉडेल, ड्यू डिलिजन्स (डीलआधीची कंपनीची तपासणी), इन्फर्मेशन मेमोरँडम (गुंतवणूकदाराला द्यायची कंपनीची माहिती), डीआरएचपी (आयपीओआधी सेबीकडे दिलेला मसुदा) असे शब्द असतील तर ते डीलचं काम. मधली एक जात आहे ती ओळखायला शिका. लंडन-न्यूयॉर्कच्या बँकर्ससाठी इथे बसून कॉम्प्स (सारख्या कंपन्यांची तुलना), प्रोफाइल, पिच बुकची पानं करून देणाऱ्या टीम्स. क्लायंट समोर येत नाही पण हात तयार होतो, आणि माझ्या मते पहिली नोकरी म्हणून ती ऑपरेशन्सपेक्षा कितीतरी बरी. तरीही कळत नसेल तर मुलाखतीत सरळ विचारा, "या टीमने मागच्या महिन्यात कुठलं आउटपुट क्लायंटला दिलं?" उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. असं विचारल्याने ऑफर जात नाही, घाबरू नका. कोर्सवाल्यालाही हाच प्रश्न फिरवून विचारा, मागच्या बॅचच्या मुलांचे जेडी दाखवा म्हणावं. कंपन्यांची नावं नकोत, जेडी.

आता कॉलेजात असतानाच काय करायचं. फुकटातलं सर्वात चांगलं पाठ्यपुस्तक सेबीच्या साइटवर पडलेलं आहे. फाइलिंग्जमध्ये पब्लिक इश्यू, तिथे ड्राफ्ट ऑफर डॉक्युमेंट्स. एक डीआरएचपी चारपाचशे पानांचा सहज असतो, अख्खा वाचू नका. रिस्क फॅक्टर्स, पैसे कशासाठी हवेत तो भाग, किमतीचा आधार सांगणारं प्रकरण आणि मॅनेजमेंटने स्वतःच्या आकड्यांवर केलेली चर्चा, एवढं वाचा. (किंमत ड्राफ्टमध्ये नसते, त्यासाठी नंतरचा प्रॉस्पेक्टस उघडावा लागतो.)

दोन पुण्याचेच आयपीओ शेजारी शेजारी ठेवून बघा. टाटा टेक्नॉलॉजीज, नोव्हेंबर २०२३, किंमत ५०० रुपये, सुमारे ३,०४२ कोटींचा इश्यू आणि तो सगळा ऑफर फॉर सेल. कंपनीच्या खात्यात एक रुपया आला नाही, पैसे गेले टाटा मोटर्स आणि इतर विकणाऱ्या शेअरहोल्डर्सकडे. दुसरा बजाज हाउसिंग फायनान्स, सप्टेंबर २०२४, ७० रुपये, ६,५६० कोटी, त्यातले ३,५६० कोटी नवे शेअर आणि ३,००० कोटी प्रमोटर बजाज फायनान्सची विक्री. का आला हा इश्यू? कर्ज देणाऱ्या कंपनीला वाढायचं तर भांडवल लागतंच, पण रिझर्व्ह बँकेने वरच्या थरातल्या एनबीएफसींना (बँक नसलेल्या मोठ्या वित्त कंपन्यांना) लिस्टिंगची मुदतही घालून दिली होती. "हा इश्यू का आणि आत्ताच का" याचं उत्तर तुम्ही दोन मिनिटांत देऊ शकलात तर समोरचा माणूस सरसावून बसतो. लिस्टिंगला किती टक्के उडाला हे सगळ्यांनाच पाठ असतं.

मग एक व्यायाम. किमतीच्या प्रकरणात कंपनीने स्वतःची तुलना कुणाकुणाशी केलीय तो तक्ता झाका. तुम्ही स्वतः तीनचार कंपन्या निवडा, का निवडल्या ते लिहा, मग तक्ता उघडा. बँकर्सनी कुणाला घेतलं आणि कुणाला वगळलं यावर विचार करताना जेवढं शिकायला मिळतं तेवढं मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नाही.

एक्सेलबद्दल माझं मत पक्कं आहे. तयार टेम्प्लेट डाउनलोड करू नका. कोरी शीट उघडा, एका साध्या उत्पादन कंपनीचे पाच वर्षांचे आकडे ॲन्युअल रिपोर्टमधून हाताने टाइप करा (पहिल्या वेळी बँक किंवा एनबीएफसी नको, त्यांचं गणित वेगळं), आणि तिन्ही स्टेटमेंट जोडा. बॅलन्स शीट जुळणार नाही, डोकं फिरेल, रात्र जाईल, जाऊ द्या. माउस न वापरता काम करण्याचं जे फॅड आहे ते मला उगाच वाटतं, वेग सवयीने येतोच. समज आपोआप येत नाही.

समज म्हणजे कशी, एक उदाहरण देते. समजा दुकानांची एक साखळी आहे, भाडं वजा जाता एबिटडा (व्याज, टॅक्स, डेप्रिसिएशन वजा करण्याआधीचा नफा) १०० कोटी, आणि वर्षाचं भाडं ४० कोटी. एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे लीजच्या हिशोबाचं मानक लागू झालं, त्यामुळे लांब मुदतीचं बहुतेक भाडं खर्चातून निघून डेप्रिसिएशन आणि व्याजात जातं. एबिटडा दिसायला १४० कोटी. धंदा तोच, गल्ल्यात तेवढेच पैसे. आता तुम्ही ईव्ही (शेअर्सची एकूण बाजारकिंमत अधिक निव्वळ कर्ज) काढताना लीजची देणी कर्जात धरली नाहीत आणि खाली १४० ने भागलंत, तर कंपनी विनाकारण स्वस्त दिसते. दोन्हीकडे धरा नाहीतर दोन्हीकडे सोडा. हे ज्याला स्वतःहून सुचतं त्याला आयआयएमचा शिक्का नसला तरी लोक ऐकून घेतात, हे मी पाहिलंय.

डिग्र्यांबद्दल थोडक्यात. मोठ्या बँकांच्या डील टीम्स मुख्यतः वरच्या एमबीए कॉलेजांतून आणि सीएंमधून माणसं घेतात, हे कटू आहे पण खरं आहे. सीए करत असाल तर आर्टिकलशिप (फर्ममधली प्रत्यक्ष कामाची उमेदवारी) नव्या स्कीममध्ये दोन वर्षांची झालीय, ती निव्वळ टॅक्स ऑडिटमध्ये घालवू नका, व्हॅल्युएशन किंवा ड्यू डिलिजन्स करणारी फर्म शोधा. सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) लेव्हल वन शेवटच्या वर्षाच्या आधीच देता येते, ग्रॅज्युएशन पूर्ण व्हायला २३ महिने किंवा कमी उरलेले असले की झालं. पण संस्थाच एका लेव्हलला ३०० तास अभ्यास सांगते आणि फी रुपयांत जड जाते, तर घरच्या पैशांवर पहिला डाव तो लावू नका.

लिंक्डइनवर तासाचे पैसे घेणारे मेंटॉर मला अजिबात पटत नाहीत. खरं काम करणाऱ्याला तेवढा वेळच नसतो. त्यापेक्षा तुमच्या कॉलेजची दोनतीन वर्षं पुढची एखादी ताई किंवा दादा बघा, जो आत्ता ते काम करतोय, आणि त्याला आपलं मॉडेल पाठवून "यात काय चुकलंय" एवढंच विचारा.

मराठी माध्यमातून आलेल्यांनो, इंग्रजीमुळे मागे राहू असं वाटत असेल तर ऐका. फाडफाड बोलावं लागत नाही. एक कंपनी, एक डील, पाच मिनिटं, न अडखळता, एवढी तयारी करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐका. लातूरहून आलेली मी तेवढ्यावरच उभी राहिले.

आणि मोठ्या दारांवर गर्दी करण्यापेक्षा छोट्या मर्चंट बँकर्सकडे (कंपन्यांचे आयपीओ आणणाऱ्या फर्म्सकडे) जा. सेबीच्या साइटवर नोंदणीकृत मर्चंट बँकर्सची यादी पत्त्यासकट आहे. बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज या छोट्या कंपन्यांच्या बाजारांवरचे आयपीओ यातलेच बरेच जण आणतात, तिथे टीम चारपाच जणांची असते, म्हणून इंटर्नलाही प्रमोटरच्या फॅक्टरीत जाऊन कागद तपासायला मिळतात. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची मर्चंट बँकिंगची सिरीज नाइन परीक्षा देऊन ठेवा, तिचा इथे उपयोग होतो. मेलमध्ये "आय ॲम पॅशनेट" वगैरे काही नको. त्यांनी अलीकडे आणलेला एक इश्यू घ्या, त्यावर दोन पानांची नोट लिहा, ती जोडा आणि खाली तीन ओळी. बहुतेकांचं उत्तर येणार नाही, मलाही आलं नव्हतं. आठवडाभर थांबून त्यांच्या ऑफिसला फोन करा, नोट वाचली का विचारा. स्टायपेंड कमी असेल, मुंबईत राहायचा खर्च आधी घरी नीट बोलून घ्या, आणि कामाचं स्वरूप मेलवर लेखी मागून घ्या.