इलेक्शनच्या सीझनमध्ये मंडळाचा माइक, मंडप आणि पावतीबुक कसं सांभाळायचं

सोलापुरात शुक्रवार पेठेच्या बाजूला आमचं एक छोटं गणेश मंडळ आहे, मी तिथं अकरा वर्षं खजिनदार होतो, म्हणून हे लिहितोय. एका वर्षी इलेक्शन तोंडावर होतं आणि एका इच्छुकानं मंडप, लायटिंग, लेझीमच्या पोरांचे टी-शर्ट सगळं स्वतःच्या खर्चानं दिलं, आम्हीही घेतलं, कारण त्या वर्षी वर्गणी कमी जमली होती. टी-शर्टच्या पाठीवर त्याचा फोटो, कमानीवर त्याचा फोटो, तोही बाप्पापेक्षा मोठा. चौथ्या दिवशी आरती झाल्यावर त्याच्या माणसानं माइक घेतला आणि आपल्या धर्माच्या माणसालाच मत द्या असं सरळ बोलून गेला, आणि आम्ही कुणीच माइक काढून घेतला नाही. आमच्या गल्लीत एक चाचा राहतात, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं, दरवर्षी न मागता ५०१ ची पावती फाडायचे. दुसऱ्या दिवशी ते मला कोपऱ्यावर भेटले आणि एवढंच म्हणाले, "मी गणपतीला देत होतो की, इलेक्शनला नाही." पुढच्या वर्षी त्यांच्या दारात मी पावतीबुक घेऊन जाऊ शकलो नाही. ते अजून मनातून जात नाही.

त्यानंतर आम्ही काय काय बदललं, कायदा काय आहे, कुठं चुकलो, ते सगळं खाली सांगतो. मंडळ असो, मंदिराचा ट्रस्ट असो, मशिदीची कमिटी असो, जयंती मंडळ असो, थोडं इकडं तिकडं करून सगळ्यांना लागू पडतं.

आधी एक शब्द डोक्यात नीट बसवून घ्या, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी उठून म्हणतंच की हे निधर्मी लोकांचं खूळ आहे, आपलं धार्मिक मंडळ आहे. संविधानाच्या मराठी प्रतीत धर्मनिरपेक्ष असा शब्द आहे, निधर्मी नाही. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं तो शब्द उद्देशिकेत आला, पण त्याच्या आधीपासून कलम २५ ते २८ होतीच, आणि १९९४ ला बोम्मई खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की धर्मनिरपेक्षता ही संविधानाच्या मूळ चौकटीचा भाग आहे. म्हणजे तुम्ही देव मानू नका असं सरकार म्हणत नाही, तुम्ही मनापासून आरती करा, नमाज पढा, वारी करा. सरकारनं आणि सत्ता मागणाऱ्यानं मात्र कुणा एका देवाच्या नावानं कारभार करायचा नाही, एवढंच.

आणि आपल्याकडं सरकार आणि धर्म यांच्यात पक्की भिंत आहे असंही नाही, ते पंढरपूरला गेलं की कळतं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तिथं उपोषणाला बसले, कारण दलितांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता, आणि मग तो प्रवेश मिळाला. पुढं १९७३ ला पंढरपूर मंदिरांसाठी वेगळा कायदा झाला, बडवे-उत्पातांनी, म्हणजे देवळाच्या परंपरागत पुजाऱ्यांनी, कोर्टकचेरी केली, शेवटी २०१४ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. कलम २५ मध्येच लिहिलंय की धर्माशी जोडलेला आर्थिक, राजकीय किंवा इतर व्यवहार कायद्यानं नियंत्रित करता येतो आणि हिंदू देवळं सगळ्या जातींना खुली करता येतात. सरकार देवळात गेलं ते कुणाला तरी आत घेण्यासाठी आणि हिशोब नीट ठेवण्यासाठी. आषाढीला मुख्यमंत्री शासकीय महापूजेला बसतात यावर वाद घालणारे घालतात, मला स्वतःला पूजेचं वावडं नाही, राज्यातल्या लोकांच्या वतीनं कुणीतरी हात जोडतंय असं मी मानतो. पण त्याच जागेवरून पक्षाचा प्रचार झाला तर तो माझ्या विठ्ठलाचा अपमान आहे, मग पक्ष कुठलाही असो.

आता कामाचं. पहिली गोष्ट म्हणजे ठराव, आणि तो इलेक्शन जाहीर व्हायच्या आधी. नंतर केला तर अमक्याच्या विरोधात केला असं होतं, आम्ही एकदा उशिरा केला आणि अर्धी मीटिंग भांडणात गेली. ठराव फार मोठा नको. आमच्या रजिस्टरमध्ये असा आहे: "मंडळाच्या मंडपात, मिरवणुकीत आणि माइकवरून कुठल्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार होणार नाही. दर्शनाला कुणीही यावे. सत्कार फक्त नारळाचा, शाल नाही, भाषण नाही. मंडळाचा पदाधिकारी स्वतः उमेदवार असेल किंवा कुणाचा प्रतिनिधी असेल तर निकाल लागेपर्यंत तो पदावरून बाजूला राहील." खाली सगळ्यांच्या सह्या. शेवटच्या वाक्यावर सगळ्यात जास्त वाद होतो, पण ते वाक्य सोडू नका, कारण निम्मी भानगड बाहेरच्या माणसामुळं नाही तर आपल्याच अध्यक्षाला तिकीट पाहिजे असतं त्यामुळं होते.

मग पैसा. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी घ्या, ती दरवर्षीची घ्या, आणि प्रत्येक रुपयाची पावती. मंडप देतो, साउंड देतो असं कुणी म्हणालं तर सांगायचं की वस्तू नको, जेवढं मनात आहे तेवढी पावती फाडा, आणि आम्ही पावतीला वरची मर्यादा घातली, एका माणसाची ५००० च्या वर घेत नाही. हे केल्यावर दोन वर्षं लायटिंग साधी झाली, लेझीमची पोरं थोडी नाराज झाली, पण तिसऱ्या वर्षी गल्लीतून पावत्या वाढल्या, कारण लोकांना कळलं की इथं कुणी एक माणूस मालक नाही. फ्लेक्सचंही ठरवून टाका: देवापेक्षा मोठा फोटो कुणाचाच नाही, किंवा सरळ फोटोच नाहीत, फक्त मंडळाचं नाव. आम्ही दुसरं केलं.

सभामंडप बांधून देतो हे आश्वासन तर हमखास येतं. तिथं एक प्रश्न विचारा, कुठल्या निधीतून? खासदार निधीच्या नियमांमध्ये धर्मस्थळाच्या आतल्या कामाला मनाई आहे. म्हणजे देणारा एकतर स्वतःच्या खिशातून देणार, किंवा समाजमंदिर नाव लावून दुसरीकडून फिरवणार, आणि दोन्हीकडं आपण मिंधे होणार. आणि संविधानाचं कलम २७ म्हणतं की एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी म्हणून कुणाकडून कर घ्यायचा नाही. आमच्या चाचांनी भरलेल्या करातून कुणी मतांसाठी मंडप बांधत असेल तर त्यांना काय वाटेल, हा विचार मनात ठेवा.

सगळ्यात अवघड म्हणजे माइक. उमेदवार दर्शनाला येणार, तो त्याचा हक्क आहे, त्याला अडवायचं नाही, आडवं बोलायचं नाही. दारातच एक वयस्कर माणूस उभा करा, ज्याच्यापुढं सगळे अप्पा किंवा मामा म्हणून वाकतात असा. त्यानं हात जोडून सांगायचं, "या साहेब, दर्शन घ्या, प्रसाद घ्या, माइकचा आमचा नियम आहे, सगळ्यांना तोच आहे." पोरांना हे सांगायला लावू नका, पोरांचं लगेच "काय बे" होतं आणि तिथंच व्हिडिओ निघतो. आरती संपली की साउंडवाल्यानं माइक काढून कुलपात ठेवायचा. साधी गोष्ट आहे, पण आमच्या त्या चौथ्या दिवशी एवढं जरी केलं असतं तरी पुढचं टळलं असतं.

यामागचा कायदा माहीत असला की बोलताना आवाज थरथरत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३): उमेदवारानं, त्याच्या एजंटनं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावानं मत द्या किंवा देऊ नका असं म्हटलं, किंवा धार्मिक चिन्ह वापरलं, तर तो भ्रष्ट आचार. निवडून आला असला तरी हायकोर्ट निवडणूक रद्द करू शकतं, आणि वर सहा वर्षांपर्यंत अपात्रता. हे कागदावरच राहतं असं समजू नका, मुंबईत १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत रमेश प्रभू निवडून आले होते, धर्माच्या नावानं मतं मागितली म्हणून ती निवडणूक रद्द झाली आणि १९९५ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. पुढं २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठानं ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की फक्त उमेदवाराचा धर्म नाही, मतदाराच्या धर्माच्या नावानं अपील केलं तरी ते यात येतं. तीन न्यायाधीशांचं म्हणणं वेगळं होतं, जात-धर्मामुळं लोकांवर जो अन्याय झाला त्यावर बोलणं बंद होईल अशी त्यांना काळजी होती, आणि ती काळजी मला खोटी वाटत नाही. अन्यायावर बोलणं आणि जातीच्या नावानं मत मागणं यातला फरक आपणच नीट ओळखायला पाहिजे.

त्या यादीत भाषा पण आहे हे सोलापूरकरांनी विसरू नये. आपल्या गावात एका चौकात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारी ऐकू येतात. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथ निघतो, तिथं जाऊन कुणी तेलुगूत भाषण केलं तर काही गुन्हा नाही, पण तेलुगू माणसानं तेलुगू माणसालाच मत द्यायचं असं म्हटलं की झाला.

आणखी एक प्रकार आहे, त्यावर कुणी बोलत नाही. रात्री घरी बोलावून बेलभंडारा उचलायला लावतात, कुठं कुराणावर हात ठेवायला लावतात, मत दिलं नाहीस तर देव बघून घेईल म्हणतात. म्हातारी माणसं खरंच घाबरतात. त्याच कायद्याच्या कलम १२३(२) मध्ये देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हे गैरवाजवी दडपण म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या आई-आजीला समजावून सांगा की अशी जबरदस्तीची शपथ पाळायची गरज नाही, मतदान गुप्त असतं. हे सांगायला मंदिरातले पुजारी किंवा मशिदीतले मौलाना स्वतः पुढं आले तर फार फरक पडतो, एकदा विनंती करून बघा.

मंदिर, मशीद, मठ, दर्गा यांच्या विश्वस्तांसाठी तर १९८८ चा वेगळाच कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा. जागा राजकीय कामाला वापरायची नाही, दानपेटीतला पैसा पक्षाला द्यायचा नाही, संस्थेच्या उत्सवात किंवा मिरवणुकीत राजकारण करायचं नाही, पाच वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० पर्यंत दंड. सार्वजनिक मंडळ त्यात बसतं का यावर वकील वाद घालतील, पण देवळाच्या आवारात तुमचा मंडप असेल तर तो वाद कशाला ओढवून घ्यायचा. शुक्रवारच्या नमाजनंतर किंवा मठातल्या प्रवचनानंतर कुणाचं नाव घेतलं गेलं तर जबाबदारी विश्वस्तांवर येते, त्यामुळं पाहुणा वक्ता बोलावताना आधीच लेखी कळवा.

इथं लोक विचारतात, मग स्वामींनी उभंच राहायचं नाही का? राहायचं की. २०१९ ला आपल्याच सोलापूर लोकसभेतून गौडगाव मठाचे जयसिद्धेश्वर महास्वामी निवडून आले, समोर सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर होते. भगवे घातले म्हणून नागरिकत्व जात नाही, उभं राहण्याचा हक्क सगळ्यांना आहे. मतदार म्हणून आपण त्यांना पाण्याचं विचारायचं, उड्डाणपुलाचं विचारायचं, चादर कारखान्यांचं विचारायचं, जसं बाकी उमेदवारांना विचारतो तसंच.

गड्ड्याबद्दल, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीतल्या यात्रेबद्दल, थोडं जास्त लिहितो, कारण ती आपल्या गावाची नाडी आहे. २०२६ ला महापालिकेचं मतदान १५ जानेवारीला आलं, म्हणजे बरोबर गड्ड्याच्या आठवड्यात. पांढऱ्या बाराबंदीत हजारो माणसं, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावर अक्षता, सगळं गाव "बोला हर्र" म्हणतंय, अशा गर्दीचा मोह कुठल्याही पक्षाला होणारच. अशा वेळी जवळ राहणाऱ्यांनी एवढं करावं: पक्षाच्या रंगाचे गमछे, टोप्या घालून नंदीध्वजाच्या मार्गावर उतरू नका, पाण्याच्या आणि सरबताच्या स्टॉलवर उमेदवाराचं नाव लावू देऊ नका, घोषणा फक्त सिद्धरामेश्वरांची. त्याच दिवसांत १२ जानेवारी येतो. १९३१ ला याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी येरवड्यात एकत्र फाशी दिली. चौघांची नावं मोठ्यानं वाचा. आम्ही आता मंडळातर्फे त्या दिवशी पोरांना चार हुतात्मा पुतळ्यांकडं नेतो, हार घालतो आणि कुठल्याही नेत्याला बोलावत नाही. गेल्या खेपेला चाचा आपल्या नातवाला घेऊन आले होते.

शेवटचं, एवढं करूनही कुणी ऐकलं नाही तर. भांडू नका, अंगावर जाऊ नका, धार्मिक गर्दीत भांडण म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी पोळी भाजणार. मोबाईलवर सलग व्हिडिओ घ्या, कट न करता, त्यात जागा आणि बोलणारा दोन्ही दिसू द्या. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर टाका, तिथं १०० मिनिटांत कारवाईचा नियम आहे, नाहीतर १९५० या नंबरवर फोन करा. महापालिकेच्या वेळी राज्य निवडणूक आयोग बघतं, त्यामुळं आपल्या प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालू असेल तर ती तक्रार वेगळी करा, ती लवकर मार्गी लागते. निकाल लागला म्हणून व्हिडिओ डिलीट करू नका, लोकसभा-विधानसभेच्या निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका करता येते, महापालिकेला मुदत बरीच कमी असते, म्हणून वकिलाकडं त्याच आठवड्यात जा, आणि जाताना ठरावाचं रजिस्टर बरोबर न्या.