रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना घ्यायची काळजी

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव रुळले असले, तरी या गोळीने रक्त पातळ होत नाही. ते गोठायला लागणारा वेळ तेवढा वाढतो. हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, की डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघाताचा झटका येतो. पायाच्या खोल शिरेतली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकू शकते. गोळी हे टाळते, पण ती काम करत असल्याचे अंगाला जाणवत नाही आणि बंद केली तरी लगेच काही बिघडल्यासारखे वाटत नाही. ती परस्पर सोडून देण्याचा मोह होतो, तो यामुळेच.

आपली गोळी कोणत्या प्रकारातली आहे, हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे. वॉरफरिन आणि एसेनोकुमारॉल रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणतात, म्हणून त्यांच्यासाठी आयएनआर ही रक्त गोठण्याचा वेळ दाखवणारी तपासणी वरचेवर करावी लागते. बहुतेक रुग्णांत हा आकडा 2 ते 3 दरम्यान ठेवतात, हृदयात धातूची कृत्रिम झडप असल्यास अनेकदा त्याहून थोडा वर. वॉरफरिन संध्याकाळी घ्यायला सांगतात, त्यामागे साधा हिशेब आहे: दिवसा अहवाल हाती आला, तर त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. तारीख, आयएनआर आणि घेतलेला डोस एका वहीत लिहून ठेवावा.

दुसऱ्या प्रकारातल्या एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान यांना नियमित आयएनआर लागत नाही. मात्र मूत्रपिंडाचे काम अधूनमधून तपासावे लागते. धातूची झडप असलेल्यांना या गोळ्या चालत नाहीत. यांचा परिणाम साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो, त्यामुळे वेळ पाळणे इथे जास्त महत्त्वाचे ठरते. रिव्हारोक्साबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावी. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडू नये आणि मूळ वेष्टनातून काढून आठवड्याच्या डबीत भरू नये, कारण दमट हवेने ती खराब होते.

वॉरफरिन घ्यायचे राहिले आणि त्याच दिवशी आठवले, तर घ्यावे. दुसऱ्या दिवशी आठवले, तर तो डोस सोडून वहीत नोंद करावी. गोळी कोणतीही असो, राहिलेला डोस भरून काढण्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम दोन घेऊ नयेत.

खरी गफलत बहुधा दुसऱ्याच औषधामुळे होते. गुडघा दुखतो म्हणून घरात पडलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी पॅरासिटामॉल चालेल का, हे विचारावे. जंतुसंसर्गावरचे मेट्रोनिडाझोल किंवा बुरशीवरचे फ्लुकोनाझोल सुरू झाल्यास वॉरफरिनचा परिणाम वाढतो, तर क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे घटतो. काढे आणि जडीबुटीची औषधेही डॉक्टरांपासून लपवू नयेत. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडण्याची गरज नाही (हा गैरसमज फार पसरलेला आहे). त्यांत व्हिटॅमिन के असते, म्हणून त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे राहिले म्हणजे झाले.

कापल्यास स्वच्छ कापड 10 मिनिटे दाबून धरावे; ‘थांबले का’ म्हणून मधे उचलून पाहिले, तर नुकतीच धरलेली खपली निघते. नाकातून रक्त आल्यास डोके मागे न टाकता पुढे झुकून बसावे आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरावा. तरीही रक्त थांबले नाही, शौचाला डांबरासारखे काळे झाले, लघवी लाल झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. डोक्याला जोराचा मार लागल्यास बरे वाटत असतानाही जावे, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी उघड होऊ शकतो.

दात काढायचा असो वा शस्त्रक्रिया व्हायची असो, गोळी चालू असल्याचे आधीच सांगावे. ती थांबवायची का, किती दिवस आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे; दातांच्या किरकोळ कामासाठी पुष्कळदा ती थांबवावीही लागत नाही. गर्भधारणेचा विचार असल्यास दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना सांगावे, कारण वॉरफरिनमुळे गर्भाला इजा होऊ शकते.