ऑफिसचा फाइल सर्व्हर आणि व्हायरस: या चुका टाळा

"सर्व्हरवर अँटीव्हायरस टाकलाय ना, मग काय टेन्शन" असं छोट्या ऑफिसांत सर्रास ऐकायला मिळतं आणि गडबड तिथूनच सुरू होते, कारण शेअर्ड फोल्डरची वाट लावायला व्हायरस सर्व्हरवर चालायची गरजच नसते. तो असतो अकाउंटवाल्या मॅडमच्या पीसीवर, तिथे सर्व्हरचा शेअर्ड फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला (मॅप केलेला) असतो, आणि सर्व्हरला वाटतं मॅडमच फाइल सेव्ह करतायत.

त्यामुळे सर्व्हरच परत परत साफ करत बसू नका. शॉर्टकट व्हायरस घ्या, फोल्डर गायब होतात आणि नुसते शॉर्टकट उरतात, लोक ते डिलीट करतात, फोल्डर अनहाइड करतात आणि चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा तेच. अहो, कुठला तरी पीसी ते लिहितोय ना! शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे ओनर, म्हणजे ती फाइल कुठल्या युजरने बनवली ते, दिसेल. सगळं ऑफिस एकाच युजरनेमने लॉगिन करत असेल (तेच असतं बहुतेक ठिकाणी) तर ओनर बघून काही कळणार नाही, मग सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स उघडा आणि सेशन्स बघा, कुठला पीसी जोडलाय आणि त्याने किती फाइल्स उघडल्यात ते समजतं. सापडला की आधी लॅन केबल काढा, वायफाय बंद करा, बाकी सगळं नंतर.

रॅन्समवेअरलाही (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) हीच पद्धत, खंडणीच्या चिठ्ठीची जी टेक्स्ट फाइल टाकून जातो तिचा ओनर बघायचा. फक्त घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका. तो पीसीवरूनच चालला असेल आणि सर्व्हरवर शॅडो कॉपी (विंडोज ठराविक वेळी ठेवतं त्या फाइल्सच्या जुन्या प्रती) आधीपासून चालू असतील तर प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये जुन्या फाइल्स मिळू शकतात. सर्व्हरवरच ॲडमिन होऊन घुसला असेल तर मात्र तो आधी शॅडो कॉपीच उडवतो. तेही गेलं तर नो मोर रॅन्समच्या साइटवर काही रॅन्समवेअरची फुकट डिक्रिप्ट टूल्स (कुलूपबंद फाइल्स परत उघडणारी) आहेत, बघायला काय जातंय.

शेअर्ड फोल्डरवर एव्हरीवनला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, फुल कंट्रोल देणं हा तर राष्ट्रीय रोग आहे. ज्याला नुसतं वाचायचंय त्याला रीड द्या, म्हणजे त्याच्या पीसीला व्हायरस लागला तरी ते फोल्डर शाबूत राहतं.

अपडेटचं सगळ्यांना माहितीय, करत कोणी नाही. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला आला, त्याची वाट बंद करणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच आला होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, आणि तो तर पॅच मारलेल्या मशीनवरही जात होता, एका पीसीमधून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने पुढच्यात शिरायचं. सगळ्या पीसींना एकच ॲडमिन पासवर्ड ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत) पण बंद करा. जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅनिंग बंद पडतं म्हणून लोक ते सर्व्हरवर परत चालू करतात, त्यापेक्षा मशीनमध्ये ईमेल किंवा एफटीपीची सोय असेल तर स्कॅन तिकडे वळवा.

टॅली स्लो होते म्हणून अख्खा डी ड्राइव्ह अँटीव्हायरसमधून वगळणारे महाभागही आहेत. वगळायचंच तर फक्त टॅलीचा डेटा फोल्डर वगळा. घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडा ठेवलाय? पोर्ट नंबर ३३८९ चा ३३९० केल्याने काही होत नाही, शोधणारे सगळेच पोर्ट स्कॅन करतात, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित खासगी रस्ता) लावा.

आणि बॅकअप. कायम यूएसबीला लटकलेली हार्डडिस्क सर्व्हरसोबतच एन्क्रिप्ट होते. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, एक कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधला एखाद्या कंपनीचा टॅली डेटा दुसऱ्या पीसीवर रिस्टोर करून टॅलीत उघडतोय का बघा.